पाणकणसांतून आलेलं उत्तर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येईलच असं नाही.

आणि आधीच सांगतो, ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं तिला कुणी बनवू शकत नाही. लोकांची बनवाबनवी पकडणं हेच तिचं आयुष्यभराचं काम होतं.

ती माझी मोठी मावशी. आईची थोरली बहीण.

एकतीस वर्षं ती एका इस्पितळात कानांची तपासणी करायची. तळघरातली छोटी खोली, भिंतींना राखाडी स्पंज, दार बंद केलं की स्वतःच्या गिळण्याचाही आवाज यावा अशी शांतता. समोरच्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, मशीनवरून बारीक आवाज सोडायचे, आवाज आला की त्यानं बोट वर करायचं. आवाज सोडलेलाच नसताना बोट वर करणारे तिनं ढिगानं पाहिले. चांगलं ऐकू येत असून ठार बहिऱ्याचं सोंग घेणारेही पाहिले.

"माणसं ऐकत नाहीत," ती म्हणते. "त्यांना जे हवं असतं ते आलं असं समजतात, आणि बोट वर करतात."

माणसांबद्दल तिचं एकूण मत हे असं. आमच्या घरात तिच्यासमोर बढाई मारायची कुणाची छाती नव्हती.

हे सगळं तिनं मला दोनदा सांगितलं. मध्ये वर्षभराचं अंतर होतं. दोन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

तीन वर्षांपूर्वीची पानगळ. रविवार. सकाळचे पावणेसात.

जागा म्हणजे शहरापासून दीड तासावरचं पाणथळ अभयारण्य. मोठं उथळ तळं, काठानं माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी पाणकणसं, आणि सगळ्यावर दुधासारखं धुकं.

मावशीला पक्ष्यांचं काडीचंही प्रेम नव्हतं. ती गेली ती आईमुळे.

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पहिलं वर्ष आई घराबाहेरच पडली नाही. मग शेजारच्या गणिताच्या बाई तिला एका पक्षीनिरीक्षकांच्या गटात घेऊन गेल्या, आणि आई पुन्हा बोलायला लागली. पण बोलायची ते एकाच माणसाचं.

"डॉक्टर म्हणतात, पक्षी बघताना माणूस स्वतःला विसरतो."

"दातांचा डॉक्टर ना तो?" मावशी म्हणाली. "त्याच्या खुर्चीत सगळेच स्वतःला विसरतात. भूल देतो तो."

"ताई, तू एकदा येऊन तर बघ."

"येते. बघतेच हा कोण टिकोजीराव लागून गेलाय ते."

बघितल्यावर तिचं मत आणखी वाईट झालं.

डॉक्टरांच्या अंगात मातकट रंगाचं जाकीट होतं. मावशीनं खिसे मोजले. चौदा. पिळदार पांढऱ्या मिशा, गळ्यात वासराच्या घंटेएवढी दुर्बीण, डोक्यावर हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी. बोलताना स्वतःला "आम्ही" म्हणायचे. आयुष्यात चारशे अकरा जातींचे पक्षी बघून झाले होते, आणि हा आकडा त्यांनी गाडीतून उतरल्यापासून फाटकापर्यंत तीनदा सांगितला.

दुसरा एक निवृत्त गृहस्थ होता. कॅमेऱ्याला हातभर लांब नळकांडं. मावशीनं मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं तोफवाला. हा समोरच्या पक्ष्याकडे बघतच नव्हता. फोटो काढायचा आणि मागच्या पडद्यावर पक्षी बघायचा.

गणिताच्या बाई वहीत बदकं मोजत होत्या.

आणि माझी आई… डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी.

मावशीला तेच सहन होईना. बहिणीला दोन वर्षं तिनं सांभाळलं, रात्री-अपरात्री फोन घेतले, जेवायला घातलं. आणि आई हसायला लागली ती या चौदा खिशांच्या माणसामुळे!

फाटकावर रखवालदार होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं वहीत पाच नावं लिहून घेतली आणि विचारलं, "कुठलं लपण?"

लपण म्हणजे पक्षी बघायला बांधलेली लाकडी खोली. आत बाक, आणि डोळ्यांच्या उंचीवर लांबट फटी.

"तीन नंबर," डॉक्टर म्हणाले.

रखवालदाराचं पेन थांबलं.

"बसा. बघा. पण तिथं ते आवाजाचं यंत्र वाजवू नका. आणि आपसात बोलणंही कमीच ठेवा."

"नियम पाठ आहेत आम्हाला." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "आम्ही काय सहलीला आलोय?"

 रखवालदार त्या थोपटणाऱ्या हाताकडे बघत राहिला.

तीन नंबरचं लपण तळ्याच्या अगदी टोकाला, पाणकणसांच्या तोंडाशी होतं. शेजारून एक फळ्यांची अरुंद वाट पाण्यावरून आत गेली होती. तिच्या तोंडाला साखळी, आणि साखळीला पाटी. पुढे जाऊ नये.

पाचही जण बाकावर बसले. फटींतून समोर पाणी, शंभर-दीडशे बदकं, पलीकडे पाणकणसांची भिंत.

पाच मिनिटं होतात न होतात तोच डॉक्टरांनी सातव्या खिशातून मुठीएवढा स्पीकर काढला.

"डॉक्टर, तो रखवालदार…" गणिताच्या बाई पुटपुटल्या.

"तो फाटक सांभाळतो, बाई. पक्षी आम्ही सांभाळतो."

त्यांना एक फटाकडी हवी होती. फटाकडी म्हणजे पाणकोंबडीची लाजरी चुलतबहीण. दिसत नाही, पण आपल्या जातभाईचा आवाज ऐकला की उत्तर देते. तीच त्यांची चारशे बारावी होणार होती.

त्यांनी बटण दाबलं.

तीन तीक्ष्ण शिट्ट्या. मग दोन. मग ध्वनिमुद्रण करणाऱ्या कुण्या माणसानं घसा खाकरल्याचा पुसटसा आवाज. संपलं.

सगळे श्वास रोखून बसले.

एक… दोन… तीन… चार… पाच…

पाणकणसांतून उत्तर आलं.

तीन शिट्ट्या. मग दोन.

"आली!" डॉक्टरांनी मूठ आवळली. आईनं टाळी वाजवायला हात उचलले आणि आवरले.

फक्त मावशी हलली नाही. कारण शिट्ट्यांनंतर तिकडून आणखी काहीतरी आलं होतं.

घसा खाकरल्याचा आवाज.

"पाखराला सर्दी झालीये वाटतं," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. कुणी ते ऐकलंच नव्हतं. हवं तेवढं आलं, आणि चौघांनी बोटं वर केली होती.

"प्रतिध्वनी आहे हा," मावशी म्हणाली. पण म्हणतानाच तिला कळलं की नाही. प्रतिध्वनीला समोर डोंगर लागतो, भिंत लागते. इथं होतं धुकं आणि गवत. शिवाय लांबून फिरून आलेला आवाज झिजतो. त्याच्या कडा जातात.

हा झिजला नव्हता.

आणि तो लांबून आलाय असं वाटतही नव्हतं. हेडफोनमधला आवाज जसा डोक्याच्या मधोमध वाजतो ना… तसा.

"ऐकलंत ना?" डॉक्टर विजयानं सगळ्यांकडे बघत म्हणाले.

चार सेकंद.

"ऐकलंत ना?" पाणकणसं म्हणाली.

डॉक्टरांच्याच आवाजात.

आता मात्र सगळ्यांनी ऐकलं.  मग डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की मावशीला त्यांची कीव आली.

"नकला करणारा पक्षी आहे! असतात असे. मैना नाही का करत? पण इतका हुबेहूब… मंडळी, हे नवीनच काहीतरी आहे!"

तोफवाल्यानं तोफ रोखली. गणिताच्या बाईंनी वहीत वेळ लिहिली. सात बावन्न.

मग पोरखेळ सुरू झाला. चांगली पिकल्या केसांची माणसं. तोफवाला शिंकला, तीन सेकंदांनी ती शिंक जशीच्या तशी परत आली. डॉक्टर "नमस्कार!" म्हणाले, दोन सेकंदांनी "नमस्कार!" आला. आई खुदकन हसली. तिचं हसू परत आलं.

मावशी सेकंद मोजत होती. सवयच होती तिला.

पाच. चार. तीन. दोन.

अंतर कमी होत होतं.

"बाई," तिनं गणिताच्या बाईंना हळूच विचारलं, "तुमच्या लक्षात येतंय का?"

बाईंनी वही दाखवली. त्यांनीही आकडे लिहिले होते. 

"अहो, जरा बाजूला…" तोफवाला डॉक्टरांना म्हणाला.

आणि "अहो, जरा बाजूला" हे शब्द दोन्हीकडून एकदम आले. त्याच्या तोंडातून आणि पाण्यापलीकडून. एकावर एक.

तोफवाल्यानं तोंडावर हात दाबला. 

मावशीनं फटीतून बाहेर बघितलं. मगाशी एकमेकांवर कलकलाट करणारी बदकं आता आवाज करत नव्हती. एकही नाही. सगळी पाण्यावर निश्चल तरंगत होती, आणि सगळ्यांच्या शेपट्या पाणकणसांकडे होत्या. दीडशे बदकं… एकानंही तिकडे तोंड केलेलं नव्हतं.

वारा नव्हता. डास नव्हते. मगापासून कानाशी गुणगुणणारे डास कधी गेले, तेही कळलं नव्हतं.

"बिस्कीट हवंय का कुणाला?"

आईचा आवाज. पाणकणसांतून.

मावशीनं वळून बघितलं. आईचा हात पिशवीत होता. बिस्किटांचा पुडा अर्धा बाहेर आला होता. तोंड किंचित उघडं.

ते वाक्य अजून तिच्या ओठांवर यायचं होतं.

"मी…" आई म्हणाली. "ताई, मी बोलले का आत्ता?"

"नाही."

"मी बोलणार होते गं."

 स्पीकर बाकावर पडला होता, त्याचा लाल दिवा विझलेला. डॉक्टरांनी तो केव्हाच बंद केला होता.

मग तिकडून पुन्हा आवाज आला. या वेळी पुरुषाचा. घाबरलेला, ओरडणारा.

"अहो… पाय टेकत नाहीयेत! ऐकतंय का कुणी? अहो, पाय टेकत नाहीयेत!"

डॉक्टरांचा आवाज.

डॉक्टर समोर बसले होते. तोंड बंद. पांढऱ्या मिशांखालचे ओठही पांढरे.

अर्ध्या मिनिटानं ते उठले. दुर्बीण जाकिटात कोंबली. "निघूया," म्हणाले. "ऊन वर येतंय. आता काही… काही दिसायचं नाही."

ऊन कुठं होतं? धुकं तर आणखी दाटलं होतं.

आता पुढचं मी सांगतो ते मावशीनं मला जसं सांगितलं तसंच. स्वतःला वाचवायचा तिनं अजिबात प्रयत्न केला नाही.

तिलाही भीती वाटली होती.  पण त्याच वेळी तिला आईचा चेहरा दिसला. आई डॉक्टरांकडे बघत होती. घाबरून, पण भरवशानं, की हा माणूस आता काहीतरी करेल. आणि तो माणूस दाराकडे बघत होता.

मावशीला वाटलं, हीच वेळ आहे. हिच्या डोळ्यांवरची पट्टी सोडवायची.

"का हो डॉक्टर?" ती म्हणाली. "एवढ्यात? चारशे बारावा पक्षी दारात येऊन तुमच्या आवाजात हाका मारतोय, आणि तुम्ही घरी निघालात?"

"ताई…" आई म्हणाली.

"नाही, मला कळू दे ना. मगाशी फाटकावर तर फार गर्जत होतात. का फटाकडीला भ्यालात? उंदराएवढी असते म्हणे."

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. मग तोफवाल्याकडे. मग टोपीची दोरी हनुवटीखाली घट्ट केली.

"भीतीचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "आम्ही जवळून बघून येतो. तुम्ही इथंच थांबा."

आई उठली. "डॉक्टर, नका जाऊ."

त्या "नका जाऊ"नं तर ते जाणारच होते. मावशीला ते चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी साखळी ओलांडली. फळ्यांवर त्यांच्या बुटांचा आवाज येत राहिला. ठक… ठक… ठक… चौदा खिशांचं जाकीट धुक्यात पुसट झालं, मग नाहीसं झालं. मग पावलांचा आवाजही गेला.

मावशी बाकावर टेकून बसली. तिनं स्वतःच बिस्किटांचा पुडा फोडला आणि एक खाल्लं. मला सांगताना तिनं हे दोनदा सांगितलं. "मी बिस्कीट खाल्लं रे."

पाच-सहा मिनिटं गेली असतील.

"अहो… पाय टेकत नाहीयेत!"

लपणातल्या कुणीच हालचाल केली नाही.

"ऐकतंय का कुणी? अहो, पाय टेकत नाहीयेत!"

"परत सुरू झालं पाखरू," तोफवाला कसनुसं हसत म्हणाला.

गणिताच्या बाईंनी वहीत वेळ लिहिली. आईनं कानांवर हात ठेवले. तिघांनाही वाटलं, तेच आहे. मगाचंच.

मावशीला तसं वाटलं नाही.

एकतीस वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? मगाचा आवाज डोक्याच्या मधोमध वाजला होता. हा लांबून आला. धुक्यानं त्याच्या कडा खाल्ल्या होत्या. आणि शब्दांच्या मध्ये श्वास होता. पाणी तोंडात जाऊन बाहेर थुंकल्याचा आवाज होता.

हा खरा होता.

पहिल्याच शब्दाला तिला कळलं होतं.

आणि ती बसून राहिली.

"का?" मी तिला विचारलं.

"ओरडू दे म्हटलं थोडं," ती म्हणाली. "जिरू दे म्हटलं. बहिणीला ऐकू दे, तिचा वाघ कसा बोंबलतो ते."

मावशी म्हणते, सात-आठ सेकंद. आई म्हणते, चांगली दोन मिनिटं. गणिताच्या बाईंच्या वहीत त्या हाकेची वेळ आहे, मावशी उठल्याची वेळ नाही.

तिसऱ्यांदा "अहो" एवढंच आलं. पुढचं मध्येच तुटलं.

तेव्हा ती उठली. साठीची बाई, साखळीखालून वाकून फळ्यांवर धावली. मागून आई. पाणकणसं दोन्ही अंगांना घासत होती. साठ-सत्तर पावलांवर वाट संपली. पुढच्या फळ्या केव्हाच्या कुजून पाण्यात गेलेल्या.

पाण्यावर दोरीची टोपी होती. बस्स.

"डॉक्टर!" आई ओरडली.

काही नाही.

पाणी इतकं शांत, की त्यावर साधा तरंगसुद्धा नव्हता. नुकताच माणूस धडपडलेल्या पाण्यावर… तरंग नव्हता!

मावशी गुडघ्यांवर बसली. पाणकणसाचा एक लांब दांडा उपटून तिनं पाण्यात खुपसला. तळ लागला. तिनं दांडा वर काढून ओल्या खुणेवर अंगठा ठेवला आणि उठून तो स्वतःच्या अंगाशी लावून बघितला.

कमरेपर्यंत.

कमरेएवढ्या पाण्यात पावणेसहा फुटी माणसाचे पाय टेकत नव्हते.

आई मागे उभी होती, फळीवर. हातभर अंतरावर. मावशीला तिचा धापा टाकलेला श्वास मानेवर जाणवत होता.

आणि तेव्हा समोरून, पाणकणसांतून, आईचा आवाज आला.

एक वाक्य. पूर्ण. स्पष्ट. डोक्याच्या मधोमध.

मावशी गर्रकन वळली. आईचं तोंड मिटलेलं होतं. पण ती मावशीकडे अशी बघत होती, जणू मावशीच तिला काहीतरी भयंकर बोललीये.

"ताई," आई म्हणाली, "तू आत्ता… तू काही बोललीस?"

"नाही. तू?"

"नाही."

दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. एकीनंही विचारलं नाही, तुला काय ऐकू आलं म्हणून.

तोफवाला रखवालदाराला घेऊन आला. दोर, लांब बांबू, मग आणखी माणसं. डॉक्टर सापडले ते दुपारी बाराच्या सुमाराला, फळ्यांच्या टोकापासून दहा हातांवर. जाकिटाचे चौदाही खिसे चिखलानं गच्च भरलेले आणि बटणं लावलेली. बाकी अंगावर कुठंही चिखल नव्हता.

रखवालदारानं फक्त दोन प्रश्न विचारले.

"यंत्र किती वेळा वाजवलं?"

"एकदाच," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"आणि बोललं कोण कोण?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मग गणिताच्या बाईंच्या लक्षात आलं, की लपणात शिरल्यापासून त्या एकट्याच मोठ्यानं काही बोलल्या नव्हत्या. पुटपुटल्या होत्या तेवढंच. त्यांच्या आवाजात तिकडून काहीही आलं नव्हतं. त्या तिथंच मट्‌कन खाली बसल्या आणि रडायला लागल्या.

रखवालदार दोर गुंडाळायला लागला. मावशीनं त्याचा दंड धरला. "काय आहे तिथं? सांगा ना. आधी कुणाचं झालंय असं?"

"मी फाटक सांभाळतो, बाई," तो म्हणाला, आणि दंड सोडवून घेतला.

चौकशी झाली. मावशीनं जबाब दिला की हाक ऐकू आली, पण ती खरी आहे हे कुणालाच कळलं नाही. सही केली. शेकडो खोटारडे पकडलेल्या बाईनं एकच खोटं लिहून दिलं, आणि ते कुणी पकडलं नाही.

त्या चौघांच्या गटाचं पुढे काही राहिलं नाही. तोफवाल्यानं सहा महिने बोलणं जवळजवळ सोडलं होतं असं कानावर आलं. लोक म्हणाले, धक्का बसलाय. मावशी म्हणते, धक्काबिक्का काही नाही, शहाणा झालाय.

त्या हिवाळ्यात मावशी आमच्याकडे राहायला आली. दोघी बहिणी एकत्र, बरं झालं, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

पण मी घरात राहतो. मला दिसतं.

आई एखादं वाक्य सुरू करते, "ताई…" आणि मावशी ताबडतोब काहीतरी पाडते. चमचा, वाटी, रिमोट. काहीही. किंवा नळ सोडते. वाक्य पूर्ण होईपर्यंत तिच्या कपाळावर घाम असतो. वाक्य साधंच असतं, दूध उतू गेलं, कुणाचा फोन आला. ते संपलं की मावशी श्वास सोडते.

मावशी बोलायला लागली की आईचंही तेच. ती मावशीच्या ओठांकडे बघत बसते. मांजर बिळाकडे बघतं तशी.

माझ्या मावशीला जगात कुणासमोरही बोलायची भीड नव्हती. आता ती घरात बोलायच्या ऐवजी चिठ्ठ्या लिहून ठेवते. आई उलट चिठ्ठी लिहिते. फ्रिजवर शंभरेक तरी असतील.

मी मावशीला दोन्ही वेळा विचारलं. तू काय ऐकलंस त्या दिवशी, आईच्या आवाजात?

दोन्ही वेळा तिनं मान हलवली. "ते तोंडातून निघायला नको. माझ्याही नाही."

मागच्या मंगळवारी संध्याकाळी मावशी औषधं आणायला खाली गेली होती. मी आणि आई दोघंच होतो. आई शर्टाला बटण लावत होती. मी धीर करून तिला तोच प्रश्न विचारला.

 आईनं दोरा तोडला. सुई गादीला टोचून ठेवली. मग दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि अगदी खालच्या आवाजात मला म्हणाली,

"मला ताईचा आवाज आला. त्या वाक्यावरून कळतं, आपण तिघं असताना म्हणणार आहे ती ते. तू जरा कामानिमित्त बाहेरगावी राहायला जा ना रे…"